कितव्या दिवशीचे?

गेले कित्येक महिने मी काय करतेय हे बिल्डिंगमधल्या काकूंपासून गावच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, आणि दरवेळी मी "कृमींवर काम चाललंय" एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, कारण कृमी म्हटलं की जंत आठवतात आणि शाळेत वर्गात उभं करून दिलेली ती गोळी आठवते. माझे कृमी ते नाहीत. हे मातीत राहतात, अर्धा मिलिमीटर लांब, केसापेक्षा बारीक, आणि किड्यांच्या अळ्या मारतात. माणसाला काही करत नाहीत, झाडाला काही करत नाहीत. मराठीत सूत्रकृमी म्हणतात, आणि शेतकऱ्याला हा शब्द माहीत असतो तो मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीमुळे, म्हणजे शत्रू म्हणून. त्यांच्याच दूरच्या नात्यातले हे मित्र फारसे कुणाला माहीत नाहीत म्हणून आज सगळं सविस्तर लिहायचं ठरवलंय, थोडं लांबेल.

सुरुवात मामामुळे झाली. मामाचा सांगलीकडे ऊस आहे आणि दोन वर्षांपूर्वी हुमणी लागली तेव्हा मी तिथेच होते. हुमणी लागलेलं उसाचं बेट हाताने ओढलं की सरळ वर येतं, खाली मुळंच उरलेली नसतात, आणि मातीत त्या पांढऱ्या जाड इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या पडलेल्या असतात. मामा एक शब्द न बोलता बेटं उपसून बांधावर टाकत होता ते डोळ्यांपुढून जात नाही. एमएस्सीला झूलॉजी होतंच, प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मॅडमना म्हटलं मला हुमणीवर चालणाऱ्या सूत्रकृमींवर करायचंय. मॅडम म्हणाल्या आधी मुंबईच्या मातीत कोण आहे ते बघ, पकड, ओळख आणि नीट वर्णन कर, मारण्याबिरण्याचं नंतर. तेव्हा वाटलं हे दोन महिन्यांत होईल.

माती आणली गोराईहून. माझ्या मैत्रिणीच्या आजीची तिथे छोटी वाडी आहे, नारळ, थोडी वांगी, भेंडी, कडेला अळू. आम्ही चारकोपला राहतो, म्हणजे जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की पलीकडे रिक्षा. ऑक्टोबरचे दिवस, पाऊस नुकताच संपलेला आणि माती अजून ओलसर, वाळू मिसळलेली, हातात घेतली की भुसभुशीत. समुद्राकाठच्या अशा रेताड मातीत हे सापडायचे चान्सेस जास्त असतात कारण त्यांना मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातनं सरकायचं असतं. खुरप्याने वीतभर खोल जाऊन वाफ्यात आठ-दहा ठिकाणची माती काढली, एकत्र केली, पिशवीत भरली आणि उन्हात तापू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली. आजी वांग्याच्या वाफ्याशी उभं राहून बघत होती. "पोरी, एवढीशी माती न्यायला बोटीने आलीस?" म्हणाली आणि आणखी दोन ओंजळी स्वतःच घातल्या.

आता मातीतनं अर्धा मिलिमीटरचा प्राणी शोधायचा कसा? तर शोधायचा नाही, त्याला बोलवायचं. मेणकिड्याच्या अळ्या वापरतात, गॅलेरिया, मधमाशांच्या पोळ्यात मेण खात राहणारी ती, मधपाळांची मोठी डोकेदुखी. बेडिंग आणि एकहर्स्ट या दोघांनी १९७५ साली ही रीत लिहून ठेवली आणि आजही जगभर तीच चालते: डब्यात माती, त्यात पाच अळ्या, झाकण लावून डबा उलटा. अळ्यांचा वास लागला की मातीतले सूत्रकृमी त्यांच्याकडे सरकतात. अळ्या वाढवायला गव्हाची भरड, मध, ग्लिसरीन, यीस्ट असं लागतं, भरड आमच्या खालच्या गिरणीतनं आणायचे आणि आई ती चाळून द्यायची.

दहा डब्यांतल्या तीन डब्यांत अळ्या मेल्या. नुसती मेलेली अळी काळी पडते आणि घाण वास येतो. ह्या विटकरी लाल झाल्या होत्या, अगदी कौलाच्या रंगाच्या, आणि वास जवळपास नाहीच. हा रंग दिसला की अर्धी ओळख तिथेच होते. कीटक मारणाऱ्या सूत्रकृमींच्या दोन मुख्य प्रजाती, म्हणजे जातींचे गट, स्टाइनरनेमा आणि हेटेरोरॅब्डायटिस, आणि दोघीही एकट्या काम करत नाहीत, दोघींच्या आतड्यात आपापला बॅक्टेरिया असतो. स्टाइनरनेमाबरोबर झेनोरॅब्डस, त्याने अळी करडी नाहीतर तपकिरी पडते. हेटेरोरॅब्डायटिसबरोबर फोटोरॅब्डस, त्याने लाल. सूत्रकृमी अळीच्या तोंडातनं, गुदद्वारातनं किंवा श्वासाच्या छिद्रातनं आत शिरतो, हेटेरोरॅब्डायटिसला तर डोक्यावर बारीक दात असतो त्याने तो पातळ कातडी फाडूनही जातो, आत जाऊन बॅक्टेरिया सोडतो, आणि एक-दोन दिवसांत अळी संपते. मग तो बॅक्टेरिया अशी रसायनं करतो की दुसरा कुठलाच जंतू त्या मेलेल्या अळीवर वाढत नाही, म्हणून वास नाही. पुढचे दहा-बारा दिवस ती अळी म्हणजे त्यांचं घर आणि अन्न दोन्ही.

आणि फोटोरॅब्डस उजेड देतो. जमिनीवरच्या बॅक्टेरियात हे फार दुर्मिळ आहे, समुद्रात असे पुष्कळ आहेत. मी हे वाचलं होतं पण मुंबईत अंधार मिळणं किती कठीण आहे ते तेव्हा कळलं, खिडकीतनं रस्त्याचा दिवा, समोरच्या टॉवरचा दिवा, फ्रिजचा दिवा. शेवटी बाथरूमच्या दाराच्या फटीला टॉवेल लावून मी आणि आई रात्री साडेबारा वाजता आत उभ्या राहिलो, पेट्री डिश बादलीवर. पाच मिनिटं काहीच नाही. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "अगं ते बघ." अगदी फिकट, निळसर हिरवं, थेट बघितलं की नाहीसं व्हायचं आणि नजर जरा बाजूला केली की परत दिसायचं. आई कितीतरी वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आत जीव आहे अजून." अळी मेलेली होती, पण आई म्हणाली ते खरंच होतं.

इथवर सगळं सोपं होतं. पुढे मी जी चूक केली तिच्यासाठीच ही पोस्ट लिहितेय, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी हेच करायला घेईल.

मेलेल्या अळ्या व्हाइट ट्रॅपवर ठेवतात. नाव मोठं आहे, वस्तू साधी. मोठ्या पेट्री डिशमध्ये छोटी डिश उलटी ठेवायची, तिच्यावर फिल्टर पेपर, त्यावर अळी, आणि सभोवती पाणी. अळीतलं अन्न संपलं की आतली पिल्लं बाहेर निघतात आणि पेपरवरून पाण्यात उतरतात. ही तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं, तोंड बंद, खाणं बंद, अंगावर दुसऱ्या अवस्थेची जुनी कात तशीच ठेवलेली, नुसता नवीन यजमान शोधत महिनोन्‌महिने जगतात. मातीत मोकळी असते ती फक्त हीच अवस्था, म्हणून जाती ओळखताना हिलाच सगळ्यात आधी मोजतात.

माझे ट्रॅप लागले आणि दिवाळी आली. कॉलेजची लॅब बंद, म्हणून डिशेस घरी आणल्या, कपाटाच्या वर ठेवल्या, आणि आम्ही मामाकडे निघालो, म्हणजे मी आणि बाबा, आईला दोन दिवस उशिरा यायचं होतं. तिला सांगून गेले की पाणी आटलं तर घाल. परत आले, पाणी होतं, त्यात पिल्लं वळवळत होती, गोळा केली, मोजली. पंचवीस पिल्लं मोजायला मला पहिल्यांदा चार दिवस लागले. ६० अंशाच्या पाण्यात मारायची म्हणजे ती सरळ होतात, मग फॉर्मेलिनच्या मिश्रणात ठेवायची, मग पापणीचा केस काडीला चिकटवलेला असतो त्याने एकेक उचलून स्लाइडवर. हो, पापणीचाच केस, सुईने उचललं तर फाटतात. मग डोळा लावायच्या भिंगातली पट्टी आणि स्टेजची पट्टी जुळवून मायक्रोस्कोपखाली लांबी, रुंदी, डोक्यापासून उत्सर्जन छिद्रापर्यंतचं अंतर, घशाची लांबी, शेपटी. ह्यातनं गुणोत्तरं काढायची, लांबीला रुंदीने भागलं की ए, लांबीला घशाने भागलं की बी, लांबीला शेपटीने भागलं की सी, आणि छिद्राचं अंतर घशाच्या किती टक्के ते डी, शेपटीच्या किती टक्के ते ई.

माझी सरासरी लांबी आली साडेचारशे मायक्रॉनच्या आसपास (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). पुस्तकातला ह्या प्रजातीतल्या जातींचा तक्ता काढला. हेटेरोरॅब्डायटिस बॅक्टेरियोफोरा ५८८. मेगिडिस ७६८. इंडिका ५२८, आणि कक्षा ४७९ ते ५७३. माझे सगळ्यांपेक्षा लहान, आणि इंडिकाच्या सगळ्यात लहान आकड्याच्याही खाली. त्या रात्री मला झोप आली नाही. नवीन जात. गोराईच्या वांग्याच्या वाफ्यातली. मी वहीत नाव पण लिहून ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मॅडमकडे. त्यांनी आकडे बघितले, एकही आकडा चूक काढला नाही, आणि विचारलं, "कितव्या दिवशीचे?"

मला प्रश्नच कळला नाही. मॅडम म्हणाल्या, पहिलं पिल्लू पाण्यात उतरल्यापासून कितव्या दिवशी हे गोळा केलेस? मी म्हटलं मॅडम मी गावाला होते. त्या म्हणाल्या मग घरी जाऊन विचार.

आईला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाणी दुधासारखं झालं होतं, मला वाटलं खराब झालं, मी हळूच ओतून नवीन घातलं. निघायच्या सकाळी परत तसंच, परत बदललं. अळीला हात नाही लावला हं." ते दूध म्हणजेच माझे सूत्रकृमी होते, हजारो, पहिल्या दोन दिवसांत निघालेले, तगडे, पोटभर खाल्लेले. एका गॅलेरियातनं लाखाच्या घरात पिल्लं निघतात आणि सगळ्यात आधी निघतात ती लांब असतात, जसजसं अळीतलं अन्न संपत येतं आणि आत गर्दी वाढते तसतशी मागून येणारी आखूड होत जातात. मी मोजले ते आठ-दहा दिवसांनी निघालेले, उपाशी वाढलेले. आईचं काही चुकलं नाही, पाणी घाल म्हणून सांगताना ते दुधाळ झालं की तेच हवंय हे मीच सांगायला हवं होतं.

मला वाईट नवीन जात गेल्याचं नाही वाटलं, वाईट ह्याचं वाटलं की माझ्या वहीत सगळं होतं, मातीचं तापमान होतं, लेन्सचा नंबर होता, पण हा एक दिवस नव्हता, आणि त्या दिवसाशिवाय ते पंचवीस आकडे कुणाच्याच कामाचे नव्हते. प्राणी तोच, पण पहिल्या दिवशी एक माप आणि दहाव्या दिवशी दुसरं. जातीचं वर्णन करणारा माणूस पुढच्याला सांगत असतो की असा दिसला तर तो हा, आणि कुठला दिवस, कुठली अळी, किती तापमान हे सांगितलंच नाही तर पुढचा माणूस आपल्या खऱ्या मापांना चूक समजतो किंवा माझ्यासारखा चुकीच्या मापांना नवीन जात.

हे मोठ्या माणसांच्या बाबतीतही होतं. २००० साली दिल्लीहून स्टाइनरनेमा थर्मोफिलम नावाची जात वर्णन झाली, उष्णता सोसणारी म्हणून ते नाव. नंतर बारकाईने ताडून बघितल्यावर ती १९९७ मध्ये ओमानहून वर्णन झालेली अब्बासीच आहे असं ठरलं, आणि नियम असा की जुनं नाव राहतं. स्टाइनरनेमाचं स्वतःचंही तेच, १९२९ साली न्यू जर्सीत जपानी भुंग्याच्या अळ्यांमध्ये सापडलेल्या सूत्रकृमीसाठी निओअप्लेक्टाना म्हणून वेगळी प्रजाती केली होती, कितीतरी वर्षं दोन्ही नावं बरोबरीने चालली, आणि १९८२ मध्ये ती स्टाइनरनेमातच विलीन झाली. ह्यात कुणाची फजिती नाही. ज्यांनी आपलं वर्णन पुरेसं नीट लिहिलं त्यांचंच नंतर तपासता येतं, आणि टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून वर्णन केलं तो मूळ नमुना, कुठल्या संग्रहात ठेवलाय ते लिहिलेलं असतं म्हणून पन्नास वर्षांनी कुणीतरी काच काढून परत बघू शकतो.

तर मी परत सुरुवात केली. जपून ठेवलेली पिल्लं ताज्या अळ्यांवर सोडली, ट्रॅप लावले, रोज सकाळी आठ वाजता बघितलं, पहिलं पिल्लू दिसलं त्या दिवसाला एक नंबर दिला आणि पहिल्या आठवड्यातलेच गोळा केले. सरासरी पाचशे वीसच्या आसपास, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दोन्ही इंडिकाच्या कक्षेत.

पण माप जुळलं म्हणजे झालं असं नाही, पूर्ण वाढलेले कृमीही बघावे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळी फोडली की आत मोठ्या उभयलिंगी माद्या मिळतात, काही मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हेटेरोरॅब्डायटिसची पहिली पिढी अशीच असते, एक पिल्लू शिरलं तरी पुरतं, स्टाइनरनेमाला बहुतेक जातींत नर आणि मादी दोघं आत शिरावे लागतात. अजून काही दिवस थांबलं की दुसऱ्या पिढीतले नर मिळतात आणि नराची शेपटी म्हणजे ओळखपत्रच. हेटेरोरॅब्डायटिसच्या नराला शेपटीला दोन्ही बाजूंनी पातळ पडदा असतो, बर्सा म्हणतात, त्यात बोटांसारख्या काड्यांच्या नऊ जोड्या. स्टाइनरनेमाच्या नराला हा पडदाच नसतो. पहिल्यांदा तो बर्सा फोकसमध्ये आला तेव्हा मी खुर्चीवरनं उठून लॅबमधल्या सगळ्यांना दाखवला, उघडलेल्या पंख्यासारखा, काड्या मोजता येतील इतका स्वच्छ.

एक गोष्ट मला बघवली नाही ती पण लिहिते. म्हाताऱ्या मादीच्या पोटातली शेवटची अंडी बाहेर पडत नाहीत, आतच फुटतात, आणि पिल्लं आईला आतनं खाऊन वाढतात. स्लाइडवर मादीची नुसती कातडी आणि आत पिल्लं हलताना दिसतात. त्यातलीच पुढे पाण्यात उतरतात, मी मोजते ती.

जूनमध्ये कायमच्या स्लाइड्स करायला घेतल्या आणि पहिल्या अकरा वाया गेल्या. कृमी अल्कोहोलमधून हळूहळू ग्लिसरीनमध्ये न्यायचे असतात, अल्कोहोल सावकाश उडून जायला हवं, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ग्लिसरीन उलट पाणी ओढून घेतं. मग सिलिका जेलच्या भांड्यात ठेवून, रोज जेल तव्यावर भाजून परत निळं करून, आठ दिवस. घाई केली की कृमी चपटे होतात आणि सुरकुततात, आणि चपट्या कृमीची रुंदी मोजून काय उपयोग.

शेवटी डीएनए. आयटीएस नावाचा तुकडा पीसीआरने वाढवून बाहेर सिक्वेन्सिंगला दिला, तिथे दोन महिने लागले आणि पहिल्यांदा नमुनाच हरवला, परत द्यावा लागला. आला तेव्हा इंडिकाशी जवळपास अक्षर न् अक्षर जुळला.

इंडिका आपल्याकडचीच. कोइम्बतूरहून, उसातनं, १९९२ साली पॉइनार, करुणाकर आणि डेव्हिड यांनी वर्णन केली. त्यांनी नाव इंडिकस असं छापलं होतं, पुढे ते इंडिका झालं कारण जातीचं नाव प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालतं आणि हेटेरोरॅब्डायटिस स्त्रीलिंगी, आपण घोडा काळा आणि घोडी काळी म्हणतो तसंच. तिचा बॅक्टेरिया फोटोरॅब्डस एकहर्स्टी, त्याला २०१८ मध्ये उपजातीवरून पूर्ण जातीचा दर्जा मिळाला. नावातले ते एकहर्स्ट म्हणजे वर अळ्यांचा डबा उलटा करणारे तेच.

मामाला फोन करून सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मग हुमणीला चालतंय का?" चालतं, ह्याच जातीची पावडर बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने हुमणीसाठी तयार केलीय, पण माती ओली हवी, संध्याकाळी टाकायला हवी, कडक उन्हात टाकली तर मरतात. मामा म्हणाला पाण्याची पाळी झाली की कळव, घेऊन येतो. गोराईचे सूत्रकृमी सांगलीच्या काळ्या जड मातीत कितपत सरकतील ते मला बघायचंय, पुढचं काम तेच.

गेल्या रविवारी गोराईला गेले. आजीला मोबाईलवर बर्साचा फोटो दाखवला, तिने चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "नाव काय म्हणालीस ह्याचं?" सांगितलं. "त्यात आमच्या वाडीचं काही नाही?" मी म्हटलं आजी, नाव आधीच ठेवलेलं आहे, पण प्रत्येक काचेच्या पट्टीवर एक चिठ्ठी चिकटवायची असते, कुठे मिळाला त्याची. पर्समध्ये एक तयार स्लाइड होती ती काढून तिच्या हातात दिली आणि वाचून दाखवलं. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका, नर. गोराई, मुंबई. वांग्याचा वाफा, वीतभर खोल. गॅलेरियात वाढवलेला, अळी फोडली तो दिवस आठवा.

"आठवा कशाला लिहिलंय?" आजी म्हणाली. मग वाफ्याशेजारी बसून तिला आईने ओतलेल्या दुधाची गोष्ट सांगितली.